गळा राहिलेलं मडकं

या, असे जवळ सरका. कडेला बसलात तर माझा आवाज पोचायचा नाही, आणि ही गोष्ट ओरडून सांगण्याजोगी नाही. देवाचं नाव घेऊन एका मडक्याची हकीगत सांगते. गाऊन सांगितली असती तर कानाला गोड लागली असती. पण देवानं मला भक्ती दिली, सूर द्यायला मात्र तो विसरला. तेव्हा साधंच बोलते. मध्येच थांबले तर घाई करू नका. थोड्या वेळानं पुढं सांगेन.

मडकं माझ्या दादानं करायला घेतलं होतं. तो माझ्याहून धाकटा, पण सगळे दादा म्हणायचे म्हणून मीही.

दादा मूळचा भिंतींना गिलावा करणारा. एकदा संग्रहालयाची एक भिंत फुगली म्हणून त्याला बोलावलं. भिंतीचं काम दोन दिवसांत झालं, पण हा तिसऱ्या दिवशीही तिथंच. काचेच्या कपाटात हजारो वर्षांपूर्वीची मडकी होती. चाक न फिरवता, मातीच्या वळ्या एकीवर एक रचून, नुसत्या हातांनी घडवलेली. त्यांच्यासमोर हा आपला उभा. तिथल्या बाईंनी विचारलं, "काय बघताय एवढं?" दादा म्हणाला, "ह्याच्या आतून कुणीतरी फार चांगला हात फिरवलाय." बाईंनी त्याला तिथंच कामाला धरून ठेवलं. या बाईंना दादा पाठीमागं खापरबाई म्हणायचा. नखाएवढा तुकडा दाखवला की त्या अख्ख्या मडक्याचा जन्म सांगायच्या, म्हणून.

खापरबाईंना नकला हव्या होत्या. खरी मडकी काचेआड राहणार. पण एका टेबलावर अशी ठेवायची, की शाळेतल्या मुलांना, डोळ्यांनी न दिसणाऱ्यांना हातात घेऊन बघता येतील. नक्कल म्हणजे दिसायला सारखी एवढंच नाही. माती तशीच मळायची, तिच्यात वाळू आणि राख तेवढीच, आणि हातही तसाच चालवायचा. आतल्या बाजूनं एक गोल गोटा धरायचा, बाहेरून लाकडी थापीनं चोपायचं. थाप बाहेर पडते, पण आकार आतला हात देतो. दादा म्हणायचा, "बाहेरचा हात नुसता बडबड्या असतो. काम आतला करतो."

वर्षभर दादाची मडकी गळ्यापाशी बिघडायची. पोट सुरेख, गळा बेंगरूळ. याचं कारण आमच्या घराण्याचे हात. आमचे पंजे म्हणजे फावडी. माझ्या मापाचे हातमोजे मला पुरुषांच्या दुकानात मिळतात, आता बोला. त्या जुन्या मडक्यांचे गळे एवढे अरुंद, की दादाचा हात आत गेला तर निघायचा नाही आणि बाहेर काढावा तर गळा आत वळायचा नाही. शेवटी एक दिवस खापरबाईंनी भिंगातून बघून सांगितलं, "पोटात बोटांचे ठसे रुंद आहेत आणि गळ्यात बारीक. हे एका माणसाचं काम नाही. दोघांनी केलंय."

दादा घरी आला तो हसतच. वहिनीला म्हणाला, "ऐकलंस का? नवराबायको असणार. खाली तो, वर ती. शेवटचा शब्द वर बसणाऱ्याचा. तेव्हाही तेच आणि आताही तेच."

वहिनी म्हणाली, "मग हात धुऊन येते. माझ्याशिवाय काही तडीला जाणार नाही हे कळायला तुम्हाला इतकी हजार वर्षं लागली."

तेव्हापासून प्रत्येक मडकं दोघांचं. पोट दादाचं, गळा वहिनीचा. तिचे हात लहान मुलीसारखे. दादा पोट घडवून कापडाच्या चुंबळीवर ठेवायचा, दुसऱ्या दिवशी माती जरा आवळली की वहिनी वर तीन वळ्या चढवून गळा काढायची. एकदा गळा झाला की आत कुणाचाच हात जात नसे. तिचासुद्धा नाही.

त्या दिवशी दुपारी दादानं टेबलासाठीचं शेवटचं मोठं पोट घडवलं. ओल्या कापडात गुंडाळलं. म्हणाला, "उद्या गळा." नळावर हात धुवायला गेला आणि नळापाशीच पडला.

पुढचं मी लांबवत नाही. दवाखान्यात नर्स त्याची बोटं पुसत होती. नखांत माती होती, ती काही निघेना. वहिनी म्हणाली, "राहू द्या. ती घासल्याशिवाय निघत नाही." एवढंच बोलली. मला वाटलं आता हिचा बांध फुटेल. नाही फुटला. मीच भिंतीला टेकून रडत होते आणि ती माझ्या हातात पाण्याचा पेला देत होती.

मी बॅग भरून तिच्याकडे राहायला गेले. तिला मूलबाळ नाही, मला माझं घर असं नाही. दोघींना एकमेकींची सोबत, असं लोक म्हणाले. सोबत कसली. एका खोलीत दोन खुर्च्या असतात तशा आम्ही होतो. ती वेळेवर उठायची, वेळेवर भात लावायची, कपडे वाळत घालायची, कुणी आलं तर "बसा" म्हणायची. विचारलं तर उत्तर द्यायची. मी सकाळी प्रार्थनेला बसले की शेजारी येऊन बसायची, हात जोडायची, आणि माझं संपलं तरी तिचे हात तसेच जोडलेले राहायचे. विसरून गेल्यासारखे. मी हलकेच म्हणायचे, "वहिनी, झालं." मग ती उठायची.

एक गोष्ट तेवढी ती न चुकता करायची. सकाळी आणि संध्याकाळी मागच्या खोलीत जायची, दादाच्या मडक्यावरचं कापड काढायची, भिजवायची, घट्ट पिळायची, पुन्हा गुंडाळायची, वरून प्लॅस्टिक बांधायची. माती सुकली तर तिच्यावर नवी माती धरत नाही, गळा बसत नाही. म्हणून ओल ठेवायची. पहिले चार दिवस मला वाटलं, आज करील, उद्या करील. मग महिना झाला. दोन झाले. गळा काही ती काढेना आणि कापड काही सोडेना.

एकदा मी तिच्या मागं जाऊन उभी राहिले. तिनं कापड उघडलं होतं. पोटाच्या आत, तळापासून खांद्यापर्यंत, दादाच्या बोटांचे खळगे होते. ओळीनं. चार बोटं, मग जरा जागा, मग चार बोटं. वहिनी बघत होती. हात लावत नव्हती.

मी म्हटलं, "वहिनी, कधीतरी पुरं करायला हवं ना गं?"

"गळा झाला की हे दिसणार नाही," ती म्हणाली. भाजी संपलीय म्हणून सांगावं तशी म्हणाली.

खापरबाई एकदा घरी आल्या. बाई मनानं चांगल्या. त्यांनी आत वाकून वाकून बघितलं आणि तोड काढली. "गळा करूच नका. हे असंच अर्धं भाजू. उघडं ठेवू. आत काम कसं करतात ते लोकांना बघता येईल, बोटांचे ठसेही राहतील."

मला तर ते एकदम पटलं. देवच बोलला यांच्या तोंडून, असं वाटलं. वहिनीनं मान हलवली. ती हो होती की नाही, कुणाला कळलं नाही. खापरबाईंनी हो समजून घेतली. म्हणाल्या, "घाई नाही. टेबल पुढच्या महिन्यात मांडायचंय. तोवर भाजून होईल."

आता माझी चूक सांगते. ही सांगायची म्हणूनच तुम्हाला जवळ बसवलं.

वहिनीच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. दोन दिवस तिला जावं लागलं. जाताना तिनं मला मागच्या खोलीत नेलं, करून दाखवलं. "कापड भिजवायचं, पिळायचं, मग गुंडाळायचं. पिळायचं, ताई. पाणी घालायचं नाही."

"अगं, मला काय एवढंही कळत नाही?"

"कळतं. तरी सांगते."

पहिला दिवस नीट पार पडला. दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता स्वयंपाक उरकून आत गेले तर खोली भट्टीसारखी तापलेली. पत्र्याचं छप्पर, वारा नाही. मी कापडाला हात लावला, ते कोरडं ठाक. पोटाच्या काठावर माती फिकट पडली होती. मला त्या क्षणी माती दिसली नाही हो. मला माझा भाऊ दिसला. लहानपणी तापात पडला की "ताई, पाणी" म्हणायचा, मी त्याच्याहून दोनच वर्षांनी मोठी, आणि आई ओरडायची की सारखं सारखं देऊ नकोस. मी चोरून द्यायचे. तान्हेल्याला नाही म्हणू नये, एवढं एकच मला आयुष्यात नीट शिकवलं गेलं होतं.

मी तांब्याभर पाणी आणलं आणि वरून ओतलं. वर कापड गुंडाळलं. प्लॅस्टिक बांधलं. देवाला सांगितलंसुद्धा, "बघ बाबा, राखलं मी."

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी बसमधून उतरून आली, पिशवी खाली न ठेवता आत गेली. मी मागोमाग. तिनं प्लॅस्टिक सोडलं. पाणी पोटात उतरून तळाशी साचलं होतं. गोल तळ विरघळून चुंबळीत बसला होता, भिजलेल्या पावासारखा. एका बाजूला बोटभर चीर. खालच्या ओळीतले खळगे चिखलात मिसळून गेले होते. वरच्या तीन ओळी तेवढ्या शाबूत.

तिनं विचारलं, "किती ओतलंत?"

"एक तांब्या."

"बरं."

मला वाटलं ओरडेल. ओरडायला हवं होतं. मी म्हटलं, "वहिनी, बोल गं मला काहीतरी. शिवी दे."

"काय देऊ?" ती म्हणाली. तिला खरंच सुचत नव्हतं. मग म्हणाली, "स्पंज कुठंय?"

तिनं स्पंजनं पाणी टिपून घेतलं. थेंब थेंब. कापड काढलं ते पुन्हा घातलंच नाही. अडीच महिन्यांत पहिल्यांदा ते मडकं उघडं बसलं. मी दाराशी बसून दिवसभर देवाचं नाव घेत होते, पण ते नाव ओठांपाशीच फिरत होतं, आत जात नव्हतं. वहिनी दर तासानं यायची, तळाला नखानं टोचून बघायची, जायची.

संध्याकाळी खापरबाईंना फोन केला. त्या लगेच आल्या. आत वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "चीर नुसती लिंपून घ्या. चोपू नका. चोपलंत तर राहिलेले ठसेही जातील. तळ कच्चा राहील, राहू दे. भाजल्यावर तडकलं तरी आम्हाला चालतं. आमच्याकडे सगळं फुटकंच तर असतं."

मी आशेनं वहिनीकडे बघितलं. दादाचं जेवढं उरलंय तेवढं तरी राहावं, यापलीकडे माझ्या मनात काही नव्हतं. तिच्याही मनात तेच असणार. अडीच महिने तिनं त्यासाठीच कापड पिळलं होतं.

वहिनीनं तळाला पुन्हा नखानं टोचून बघितलं. मग म्हणाली, "तुम्हाला चालेल, मॅडम. ह्यांना चालायचं नाही. पाणी न धरणारं मडकं ह्यांनी कधी दाराबाहेर जाऊ दिलं नाही."

"अहो, पण ठसे..."

"ठसे ह्यांनी ठसे म्हणून थोडेच उठवले होते? हे मडकं करत होते."

खापरबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "बघा बाई. तुमचं आहे," म्हणाल्या आणि गेल्या.

तिसऱ्या दिवशी माती आवळली. दाबली तर बोट जरासं रुततं, चिकटत नाही, अशी. वहिनीनं चीर खरवडून नवी माती भरली. मग पाट घेऊन बसली, मडकं आडवं करून मांडीवर घेतलं आणि मला हाक मारली.

"ताई, हात द्या. आतून गोटा धरायचाय. माझा हात तिथवर पुरत नाही."

"मी? वहिनी, मी आधीच एवढा घोळ घातलाय."

"त्यासाठी नाही बोलावत. तुमचे हात ह्यांच्यासारखे आहेत. बसा."

मी समोर बसले. गोटा माझ्या पंज्यात असा बसला, जणू माझ्यासाठीच घासून ठेवलेला. हात आत घातला. गार होतं आत. आणि माझ्या बोटांना ते लागलं. माझी चार बोटं त्या चार खळग्यांत बसली. मी हात तसाच ठेवला.

"काय लागतंय?" वहिनीनं विचारलं.

"खळगे."

"किती?"

"तळाच्या कडेला चार."

"त्यांच्यावर गोटा ठेवा."

"वहिनी..."

"ठेवा, ताई. तळ पातळ झालाय. तिथंच चोपायला हवं."

मी ठेवला. तिनं बाहेरून थापी मारली. जोरात नाही. मारायची, मडकं जरा फिरवायची, थांबायची. माझ्या तळहातावर प्रत्येक थाप येत होती.

"आता?"

"तीन."

थाप. थाप. मडकं फिरलं.

"आता?"

"दोन आहेत. एक नीट लागत नाही."

"गोटा सरकवा."

मी सरकवला. तिचे डोळे कोरडे होते, हात स्थिर होते, आणि ती मोजल्यासारखी विचारत होती. दळणवाल्याला विचारावं, झालं का, किती राहिलं, तसं. मीही तशीच उत्तरं देत होते. काही वेळानं तिनं विचारलं, "आता?" आणि मी म्हणाले, "आता सपाट आहे." ती म्हणाली, "बरं. वरच्या ओळीकडे चला."

वरची ओळही गेली. खांद्याखालची तेवढी राहिली, कारण तिथं मातीला काही झालं नव्हतं. वहिनीनं बाहेरून टकटक करून ऐकलं. म्हणाली, "हे राहू दे. इथं ह्यांचं काम पक्कं आहे."

मी हात बाहेर काढला. कोपरापर्यंत माती.

मग तिनं तीन वळ्या वळल्या. एक चढवली, बोटांनी आतबाहेर जुळवली. दुसरी चढवली. तिसरीला तिचा हात मनगटापर्यंत आत होता. पोट मिटत आलं. मला वाटलं, ती जरा थांबेल. एकदा आत फिरवील हात. निदान खांद्याखालच्या त्या ओळीवरून. तिनं नाही फिरवला. काठ वळवला, हात अलगद ओढून घेतला आणि ओल्या चामड्याच्या तुकड्यानं मडक्याचा ओठ साफ केला. झाला गळा. नंतर गुळगुळीत दगडानं ती ते मडकं दोन दिवस घोटत होती. मी शेजारी बसून बघत होते.

अंगणात खड्डा करून, लाकडं आणि भुसा रचून भाजलं. राख निवली तेव्हा ते बाहेर आलं. तांबूस, एका बाजूला धुराचा काळा डाग, जुन्या मडक्यांना असतो तसाच. तडा नाही. खापरबाई मोठ्या आशेनं टॉर्च घेऊन आल्या होत्या. गळ्यातून डोकावल्या आणि म्हणाल्या, "काहीच दिसत नाही."

वहिनीनं नळाखाली मडकं भरलं आणि ओट्यावर ठेवलं. आम्ही तिघी उभ्या. एक तास गेला. बाहेरून सगळीकडून सारखा घाम सुटला, पण तळाखाली थेंब नाही. वहिनीनं खाली हात लावून बघितला, हात फडक्याला पुसला.

"धरतंय," ती म्हणाली.

मी हुंदके देऊन रडले. खापरबाईंनाही नाक ओढावं लागलं. वहिनी मडकं रिकामं करून उपडं घालत होती.

आता ते संग्रहालयात टेबलावर असतं. मी दोनदा जाऊन आले. एक आंधळा मुलगा त्याला दोन्ही हातांनी कवळून बराच वेळ बसला होता, मग त्यानं गळ्यात दोन बोटं घालून बघितली. त्याहून जास्त जात नाहीत. वहिनी अजून गेलेली नाही. तिनं नंतर गळा केला नाही. कुणाच्या पोटावर करणार? खापरबाईंनी तिला तिथंच खापरं धुऊन नंबर घालायचं काम दिलंय. वेळेवर जाते, वेळेवर येते. मला तिनं एका शब्दानं बोल लावला नाही. तांब्यात पाणी भरून माझ्या उशाशी ठेवते रोज. सकाळी माझ्या शेजारी हात जोडून बसते, आणि मी "झालं" म्हटल्याशिवाय ते सुटत नाहीत. रडली का, विचाराल तर मला माहीत नाही. माझ्यासमोर तरी नाही.

माझ्या भावासाठी मी तुमच्याकडे काही मागत नाही. तो देवापाशी पोचला, त्याची काळजी देवाला. पण आज घरी जाल, झोपण्याआधी कुणाकुणाचं नाव घ्याल, त्यात माझ्या वहिनीला धरा. नाव ठाऊक नाही म्हणून अडू नका. गळा करणारी म्हणा. देवाला कळतं.